ती थांबली की थांबायचं

ऑफिसात सगळे त्यांना 'तंतोतंत' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. वरून आलेला हुकूम जसाच्या तसा पाळायचा, काना-मात्रेचाही फरक पडू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. एकदा साहेबांनी हातातल्याच फाइलवर घाईघाईत 'माझ्याकडे पाठवा' असं लिहिलं. तंतोतंतांनी फाइल साहेबांच्या हातून घेतली, तिची नोंद केली, शिक्का मारला आणि टपालात टाकली. चौथ्या दिवशी ती साहेबांना मिळाली. साहेब चरफडले, पण चूक काढायला जागा कुठे होती?

निवृत्त झाल्यावर हुकूम येणं बंद झालं आणि त्यांचं घरात मन लागेना. अशात उजव्या गुडघ्याने दगा दिला. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला आणि घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक व्हिडिओ पाठवला.

"काका, बारा मिनिटांचा आहे. रोज सकाळी लावायचा. त्यातली मुलगी करेल तसंच करायचं. ती थांबली की थांबायचं, तिने पाय खाली घेतला की आपण घ्यायचा. बास."

कितीतरी दिवसांनी असा स्वच्छ, नेमका हुकूम कानावर पडला होता. तंतोतंतांना अर्धं बरं तिथेच वाटलं.

घरात लेकीने जाताना ठेवून दिलेला जुना टॅबलेट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो पलंगाशेजारी स्टुलावर उशीच्या आधाराने उभा केला आणि व्हिडिओ लावला. निळ्या सतरंजीवरच्या मुलीने उजवा पाय सरळ वर उचलला. त्यांनीही उचलला. मग ती थांबली. मध्यभागी एक गोल चक्र उमटलं आणि गरगर फिरू लागलं.

तंतोतंतही थांबले. मांडी भरून आली, टाच थरथरू लागली, कपाळावर घाम आला. मुलगी मात्र ढिम्म. पापणीसुद्धा लवत नव्हती. काय ही शिस्त, असं त्यांच्या मनात आलं आणि स्वतःच्या मांडीची त्यांना लाज वाटली.

बायको भाजी निवडायला घेऊन आत आली. "अहो, ते अडकलंय वाटतं."

"अडकलेलं नाही. वेळ मोजतंय. ते चक्र दिसत नाही का तुला? चक्र गेलं की पाय खाली."

तिने टॅबलेटकडे पाहिलं, नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली. छत्तीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं आणि कुठे नाही, हे तिला पुरतं कळलेलं होतं.

बारा मिनिटांचा व्यायाम रोज पाऊण तास चालू लागला. कधी पाय उचललेला असताना चक्र यायचं, कधी टाच ओढून गुडघा पुरता वाकवलेला असताना. दुसऱ्या आठवड्यात नवाच पेच पडला. आवाज पुढे पळायचा आणि चित्र मागे राहायचं. आवाज म्हणे "आता डावा पाय", तर मुलगी उजवाच धरून बसलेली. तंतोतंतांनी थोडा विचार केला. ऑफिसात तोंडी हुकूम आणि लेखी हुकूम यांत फरक पडला, तर लेखी खरा. चित्र म्हणजे लेखी. त्यांनी उजवा पाय वरच ठेवला.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी कोनमापक लावून गुडघा मोजला, मग पुन्हा मोजला.

"काका, एवढा गुडघा वाकायला लोकांना दोन महिने लागतात. काय केलंत तुम्ही?"

"तुम्ही सांगितलंत तेच. जास्त नाही, कमी नाही."

बाईंनी त्यांना बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर उभं केलं. "बघा, हे काका बघा! सांगितलेलं ऐकलं की असं होतं." तंतोतंत घरी आले ते काठी नुसती मिरवत.

पुढच्या रविवारी बायकोचा धाकटा भाऊ भेटायला आला. त्याचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. कुठलंही यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवत. दाजी पाय वर करून पडलेले आणि शेजारी चक्र फिरतंय, हे पाहून तो दारातच थबकला.

"दाजी, हे काय? नेट लागत नाहीये तुमचं! व्हिडिओ अडकलाय."

"तो वेळ मोजतोय."

"वेळ कसला मोजतोय! पुढचं चित्र येईपर्यंत ते चक्र फिरत राहतं. चित्र आलंच नाही, तर दिवसभर फिरेल."

तंतोतंतांनी टॅबलेटकडे पाहिलं. पाय अजून वरच होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे तिने पाय केव्हाच खाली घेतला होता?"

"दोन वर्षांपूर्वी, दाजी. तेव्हाचा व्हिडिओ आहे तो."

मेहुण्याने बाह्या सरसावल्या. टॅबलेटमध्ये सदतीस ॲप एकाच वेळी उघडी होती. ती बंद केली. दोन वर्षांत कधी अपडेट झालं नव्हतं, ते केलं. शुभ सकाळचे चार हजार फोटो साठून जागा भरली होती. बायकोला विचारून ते पुसले. नेटचा डबा स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांमागे लपला होता. तो बाहेरच्या खोलीत आणून उंचावर ठेवला. वर आणखी पक्कं काम म्हणून व्हिडिओच टॅबलेटमध्ये उतरवून दिला. "आता नेट गेलं तरी चालेल. आणि थांबवायचाच असला, तर इथे बोट टेकवायचं."

सोमवारी व्हिडिओ तेल घातल्यासारखा सुरू झाला. मुलीने पाय उचलला, पाच आकडे मोजले, खाली घेतला. तंतोतंतांचा पाय जेमतेम वर पोहोचेपर्यंत तिचा दुसरा सुरू. बारा मिनिटांत सगळं आटोपलं. घाम नाही, थरथर नाही. ते पलंगावर नुसते बसून राहिले. असा उरकून टाकलेला व्यायाम त्यांना एखाद्या कामचुकार कारकुनासारखा वाटला.

"मग मधे मधे थांबवा की," बायको म्हणाली. "बोट टेकवायचं, सांगितलंय ना त्याने."

"आपणच हुकूम काढायचा आणि आपणच पाळायचा, याला काही अर्थ आहे? तू थांबव. कधी थांबवणार ते मला सांगू नकोस."

बायको स्टूल ओढून बसली. पहिल्या दिवशी तिने भीत भीत बोट टेकवलं आणि दहा मोजून पुन्हा बोट टेकवून व्हिडिओ पुढे सोडला. दुसऱ्या दिवशी वीस मोजले. आपलं एक बोट टेकलं की हा माणूस जागच्या जागी थांबतो आणि चकार शब्द काढत नाही, हा अनुभव तिला नवा होता. तिसऱ्या दिवशी ती मोजता मोजता गुणगुणायलाही लागली.

चौथ्या दिवशी बोट टेकवलं आणि दारावरची बेल वाजली. शेजारीण होती. तिची सून, सुनेची नोकरी, नोकरीतली बदली, असं एकातून एक निघत गेलं. शेजारीण गेल्यावर बायको आत आली तर नवऱ्याचा चेहरा लालबुंद झालेला आणि पाय, दोन्ही हातांनी मांडी धरून का होईना, वरच.

"अहो, खाली घ्यायचा ना!"

"तू व्हिडिओ सोडला नाहीस," ते कण्हत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तंतोतंतांनी पहिल्या चक्रापासून शेजारणीपर्यंत सगळं क्रमवार सांगितलं. बाईंना आधी हसू आलं, मग घाम फुटला.

"काका, नशीब बलवत्तर म्हणून निभावलं! आणि मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देत सुटलेय."

"पण आदेशात तसंच होतं."

बाईंनी बर्फाने शेकायला सांगितलं, दोन दिवस विश्रांती दिली आणि कोरा कागद ओढून लिहिलं: 'पाय उचलावा, दहा मोजावेत, खाली घ्यावा. दहा वेळा. दुखल्यास लगेच थांबावे.' तंतोतंतांनी खाली तारीख आणि सही घालायला लावली. शिक्काही मागितला, तोही मिळाला.

तो कागद भिंतीवर चिकटवून त्यांनी व्यायाम केला आणि दीड महिन्यात त्यांची काठी सुटली. टॅबलेट बायकोकडे गेला. तिच्या मालिका आता कुठेही अडकत नाहीत.

शेवटच्या तपासणीला दोघं चालत गेली. दवाखान्यात नवी पाटी लागली होती: 'व्हिडिओ मधेच अडकल्यास पेशंटने पाय खाली घ्यावा.' तंतोतंतांनी ती दोनदा वाचली आणि बाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, खुर्चीत बसून करायच्या व्यायामात पाय खालीच असतो. त्यांनी काय करायचं, याचा खुलासा नाही."

डॉक्टरीणबाईंनी मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने 'लिहून टाका' अशी मान हलवली, आणि बाईंनी निमूटपणे पेन उचललं.