मोहरी आणि मॅग्नम

आमच्याकडे कुठलीही वस्तू वाढत्या अंगाची घेतात. शाळेचा गणवेश, रेनकोट, बूट, झालंच तर कुकरसुद्धा. आज ढगळ झाला तरी चालेल, उद्या उपयोगी पडला पाहिजे. त्याच हिशोबाने मी जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये बसून रायफलचं काडतूस निवडायला घेतलं आणि थेट सगळ्यात दांडग्या, मॅग्नमवर जाऊन थांबले.

शिकारीची परीक्षा मी आदल्या वर्षी पास झाले होते. जर्मनीतली ही परीक्षा म्हणजे बारावी परवडली. झाडं, जनावरांचे रोग, कायदे, कुत्री, सगळं त्यात येतं. हे कशाला, असं नातेवाईक अजून विचारतात. मी कोल्हापूरची, मटण आवडीने खाते, आणि जे खाते ते कुठून येतं याकडे पाठ फिरवायची नाही, एवढंच कारण होतं. नवरा म्हणाला, छंद म्हणून लोक बागकाम करतात. करू देत बापडे.

मला शिकवलं ते वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. ते निवृत्त दंतवैद्य. घरात आम्ही त्यांना आजोबा म्हणतो, समोर मात्र हेर डॉक्टर, म्हणजे डॉक्टरसाहेब. त्यांच्या एका मित्राने आल्प्समध्ये शिकारीसाठी रान भाड्याने घेतलं होतं आणि शरदात तिथे मला एक गाम्स मारू द्यायचं ठरलं होतं. गाम्स म्हणजे कड्यांवर राहणारं, आकड्यासारख्या शिंगांचं, बकऱ्याच्या जातकुळीतलं जनावर. ते माणसाला सहसा जवळ येऊ देत नाही, नेम लांबूनच धरावा लागतो. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. गोळी जरा इकडेतिकडे लागली आणि ते जखमी होऊन कड्याआड गेलं तर? तिथे ते कुठेतरी कपारीत कण्हत पडणार आणि मी घरी येऊन चहा पिणार. असं झालं असतं तर मी पुन्हा बंदुकीला हात लावला नसता.

म्हणून काडतूस बिनचूक हवं होतं. मोठ्या जनावरासाठी गोळीची किमान जाडी आणि किमान जोर कायद्याने ठरवून दिलाय, त्याच्या वर मोकळं रान. मी गाड्यांच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची चाचणी करते, त्यामुळे आलेख काढल्याशिवाय मला भाजीसुद्धा निवडता येत नाही. साडेसहा मिलिमीटरचं काडतूस सरळ जाणारं, पण मला किरकोळ वाटलं. थ्री-ओ-एट सगळ्या जगाकडे असतं, पण लांबवर गोळी फार खाली येते. आजोबांचं स्वतःचं सात बाय चौसष्ट मला जरा म्हातारं वाटलं. आणि मग मॅग्नम. लांबवर सरळ, वाऱ्याला न जुमानणारं, जोर भरपूर. उद्या किरगिझस्तानात पाचशे मीटरवरून आयबेक्स, म्हणजे तिथला रानबोकड, मारायचा झाला तरी चालेल असं. किरगिझस्तानात कोण जाणार होतं? कोणी नाही. पण वाढत्या अंगाचं घेतलेलं बरं.

आजोबांना मी आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "आल्झो, तर असं, कवळी करायची तर मी आधी तोंड कुणाचं ते बघतो." मी हसले आणि विषय बदलला.

विकत घेण्याआधी एकदा चालवून बघावं म्हणून आजोबा आणि मी शूटिंग रेंजवर गेलो. तिथे मॅग्नम रायफल भाड्याने मिळत होती. सासूबाई त्या वेळी पुण्याहून आल्या होत्या आणि नवरा ऑफिसच्या कामाला रेगेन्सबर्गला गेला होता, म्हणून त्याही सोबत. त्या शुद्ध शाकाहारी, निवृत्त शिक्षिका. शिकारीबद्दल त्यांनी मला एकदाच सुनावलं होतं, "मारणारच असशील तर त्याला कळायच्या आत मार." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. रेंजवर कानांवर भलेमोठे मफ चढवून, पदर खोचून त्या माझ्या बाजूला खुर्चीत बसल्या. परीक्षा चालू असताना वर्गात बसायच्या तशाच, अगदी ताठ.

पहिल्या गोळीला खांदा सणकला. दुसरी कागदाच्या खाली गेली. तिसरी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. मी वाऱ्याला दोष दिला, मग दुर्बिणीला. रेंज बंदिस्त होती, वारा नव्हता.

सासूबाईंनी कानावरचे मफ काढले. "तू डोळे मिटतेस."

"नाही हो आई. डोळे मिटून नेम कसा धरणार?"

"नेम उघड्या डोळ्यांनी धरतेस. चाप ओढायच्या आधी मिटतेस. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी मिटतेस ना, अगदी तस्सेच."

आजोबांनी विचारलं, काय म्हणतायत? मला सांगणं भाग पडलं. मोहरी समजावताना जरा वेळ गेला. ते "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले आणि पुढच्या गोळीच्या वेळी त्यांनी रायफल स्वतः भरून माझ्या हातात दिली, आत काय आहे ते न सांगता. मी श्वास सोडला, चाप ओढला. नुसतं टक्क वाजलं. आत खोटं काडतूस होतं, आवाज नाही की धक्का नाही, तरी नळी झटक्याने खाली गेली आणि माझे डोळे घट्ट मिटलेले. बाजूने सासूबाई म्हणाल्या, "बघ. मोहरी नव्हती, तरी."

मला खूप लाज वाटली. दिवसभर धक्के मोजणारी मी, आलेखात स्वतःचा खांदा घालायला विसरले होते. मॅग्नम पाचशे मीटरवर काय करतं ते मला तोंडपाठ होतं, आणि ते माझं काय करतं ते सासूबाईंना खुर्चीतून दिसलं. माझ्या हातात त्या काडतुसाने नेमकं तेच झालं असतं ज्याला मी भीत होते. आम्ही मॅग्नम परत केली आणि किरकोळ म्हणून बाजूला टाकलेलं साडेसहाचं मागितलं. उन्हाळाभर मी तेच चालवलं, खऱ्यात खोटी काडतुसं मिसळून, नळी हलायची थांबेपर्यंत. सासूबाई पुण्याला परतल्या तेव्हा डोळे उघडे राहायला लागले होते.

ऑक्टोबरमध्ये आम्ही डोंगरात गेलो. पहिल्याच सकाळी घळीपलीकडे एक म्हातारा नर दिसला, पण फार लांब. गोळी तिथवर पोचली असती. माझी खात्री नव्हती. मी मान हलवली. आजोबा पिशवीतून पाव काढून खाऊ लागले. दुपारी वारा फिरला, आम्ही पोटावर सरपटत घळीच्या काठापर्यंत गेलो आणि तो तिथेच, आता निम्म्या अंतरावर, चरत होता.

धक्का कमी असला की दुर्बिणीतलं चित्र हलत नाही, हे मला रेंजवर कळलं होतं. तिथे समोर कागद होता, त्यामुळे त्याचा अर्थ कळला नव्हता. तो चरत होता. मी चाप ओढला तेव्हा तोंडात गवत होतं. मग पुढचे पाय दुमडले आणि तो होता तिथेच बसल्यासारखा खाली गेला. हे सगळं मी पाहिलं. आजोबांनी खांद्यावर हात ठेवला, तरी मी बराच वेळ उठले नाही. खाली गेल्यावर त्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या तोंडात एक हिरवी डहाळी ठेवली, शेवटचा घास म्हणून. मला रडू आलं, आणि आजोबांनी ते बघितलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी मोबाइलला रेंज मिळाली तसा पुण्याला फोन लावला. सासूबाईंनी विचारलं, "कळलं का त्याला?"

"नाही, आई. काहीच नाही कळलं."

"आणि तुला?"

"मला कळलं."

 सासूबाई म्हणाल्या, "कळायलाच हवं," आणि जेवलीस का ते विचारलं.