चंपतरावांच्या सुटाचं कापड

चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावून केलेली चूक एकच.

अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना होता. मी आर्वीला मॅट्रिक होऊन नागपुरात नोकरीला लागलो होतो आणि सक्करदऱ्याला चंपतरावांच्या घरी मागच्या खोलीत राहत होतो. चंपतराव माझ्याच ऑफिसात जमिनीचे जुने नकाशे सांभाळायचे. बावीस वर्षं नकाशांच्या गुंडाळ्या काढून-ठेवून त्यांचा आवाजही गुंडाळीतून आल्यासारखा झाला होता. त्यांची एकुलती एक मुलगी, प्रेमिला, डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती, त्यामुळे घरात रेडिओ बंद, फोडणीही दार लावून.

त्यातच उमरेडला नात्यातल्या मारोतरावांच्या मुलीचं लग्न निघालं. चंपतरावांचा पाय मुरगळलेला, गोपिकाकाकू मुलीला सोडून हलायला तयार नाहीत. आहेर घेऊन जायचं काम माझ्यावर आलं.

"पेटीत वरचंच कापड आहे, ते घेऊन जाय," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "खालचं उचकटू नको."

ज्याला उचकटू नको म्हटलं त्यानं उचकटलं नाही, असं आमच्या आर्वीत घडत नाही. काकूंच्या पत्र्याच्या पेटीत आहेरात आलेली कापडं असायची. प्रत्येकावर चिठ्ठी, कोणाकडून आलं ते. म्हणजे चुकून त्याच घरी परत जायला नको. वरचं कापड शर्टाचं, फिक्कट, घडीवर पिवळं पडलेलं. त्यावर एकावर एक तीन चिठ्ठ्या होत्या. त्या कापडानं माझ्यापेक्षा जास्त जिल्हा पाहिला होता. मला चंपतरावांची लाज वाटली. म्हणजे त्यांच्या वतीनं मीच लाजलो. खाली हात घातला तर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक राखाडी कापड लागलं. मऊ, जड, आणि काठावर सोनेरी इंग्रजी अक्षरं. चिठ्ठी नव्हती. म्हटलं, घरमालकाची इज्जत राखावी. कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि उमरेडच्या मांडवात चंपतरावांच्या नावानं मारोतरावांच्या हाती दिलं. मारोतरावांनी घडीवरून हात फिरवला आणि मला दोन बुंदीचे लाडू जास्त वाढायला लावले. मी ते खाल्ले. तेही सांगून टाकतो.

जुलैत निकाल लागला. प्रेमिला पास. चंपतरावांनी गल्लीत पेढे वाटले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पेटी उघडली.

मग त्यांनी हाक मारली, "विश्वनाथ, इकडे ये गा."

मी गेलो. सगळी कापडं जमिनीवर मांडलेली आणि तीन चिठ्ठ्यांचं ते फिक्कट कापड त्यांच्या मांडीवर.

"हे तं इथंच आहे," ते म्हणाले. "मंग उमरेडले तू काय देलं?"

मी सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला. चंपतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते एकेक कापड घडी घालून परत ठेवत राहिले, नकाशे ठेवतात तसे.

ते कापड दोन पगारांचं होतं. शुद्ध लोकरीचं, विलायती. धरमपेठेत एका दुकानावर मुंबईहून आलेले एक कटिंग मास्तर बसत, त्यांच्या ओळखीनं मागवलेलं. हे मास्तर कापडाला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाचं चित्र काढायचे. कागदावर तो माणूस उभा करायचे आणि त्याच्या अंगावर सूट चढवायचे. चित्र पसंत पडलं तर कापड कापायचं. रामदासपेठेतले डॉक्टर, कंत्राटदार, एखादा संत्र्याचा बागाईतदार, अशी त्यांची गिऱ्हाइकं. चंपतरावांचंही चित्र काढून झालं होतं. कापडाच्या घडीतून काढून ते त्यांनी गीतेच्या पोथीत ठेवलं होतं, म्हणून तेवढं वाचलं. फक्त निकालाआधी शिवायचं नाही, नजर लागते, म्हणून कापड पेटीत थांबलं होतं.

मी तोंड लपवत मास्तरांकडे गेलो, कापड माझ्या हातून गेलं एवढं सांगून तसंच पुन्हा मिळेल का विचारायला. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वो नक्शेवाले बाबू का कपडा? वो तो एकही पीस था." मग टेप गळ्यात टाकून म्हणाले, "साहब लोग आते, नाप देते, जाते. बाबू लोग पहले वजह बताते हैं. मैं पूछता नहीं, फिर भी बताते हैं."

"यांनी काय सांगितली?"

"वो उनसेच पूछो. आप तो गुमानेवाले हो ना?"

मला ते विचारायचा धीर झाला नाही. दीक्षान्त समारंभ डिसेंबरात होता, आणि चंपतरावांना त्या दिवशी तो सूट हवा होता, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. काहून, कशासाठी हवा, ते काकूंनाही माहीत नव्हतं. त्या म्हणायच्या, "जिंदगीभर पायजमा घातला, आता बुढा विलायती व्हाले निघाला."

मी उमरेडला पत्र टाकलं. मारोतरावांचं उत्तर आलं की कापड फार आवडलं, म्हणूनच नवरदेवाच्या मामाला आहेर केलं. मामाचं नाव बाबाराव, गाव भिवापूरच्या पुढं. दिलेला आहेर परत मागायचा नसतो. तसं करणाऱ्याच्या घरी पुढं कोणी अक्षता घेऊन येत नाही. पण चंपतराव म्हणाले, "मांगाचं नाही. पाहून येऊ. शिवला असन तं त्याच्या अंगावर कसा दिसते तेवढं पाहू."

पोळ्याची सुट्टी होती. आम्ही एस.टी.नं निघालो. उमरेड मागं पडल्यावर चंपतराव खिडकीबाहेर पाहत आपणहून बोलू लागले. मास्तरांचं खरंच होतं. विचारावं लागलं नाही.

"प्रेमिला चौथीत होती. शाळेत बक्षीस होतं तिले. मी गेलो. दारातच एका साहेबानं पाह्यलं मले आणि म्हने, अरे, त्या खुर्च्या आण तिकडून. शिपाई समजला तो."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगू? सांगेपरेंत दोन खुर्च्या उचलून झाल्या होत्या." ते थोडं हसले. "तिसरी उचलाले वळलो तं पोरगी मांगं उभी. बक्षिसाचं पुस्तक तिनं भुईवर ठेवलं आणि माझ्यासंगं खुर्ची उचलली. नऊ वर्षांची होती. एक शबुद बोलली नाही. आजपरेंत बोलली नाही." बस खड्ड्यात आदळली. "त्या दिवशी मनात धरलं. पुढच्या बारीले मी असा जाईन का मले कोनी खुर्ची उचलाले लावणार नाही."

माझ्या पोटात उमरेडचे दोन जास्तीचे लाडू अजून होते असं वाटलं.

गावात पोचलो तेव्हा सगळं गाव तोरणाखाली जमलं होतं. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या ओळीनं उभ्या, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. बाबारावांचं घर कुठं, म्हणून विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "घर काहून पाह्यता, तो काय तिथं उभा आहे. एकट्या बैलावाला."

ओळीच्या टोकाला एक बुटका माणूस पांढऱ्या बैलाची कासरी धरून उभा होता. जोडीदार नसलेला तो एकच बैल. त्याच्या पाठीवर राखाडी विलायती लोकर, कडेला लाल गोंडे आणि मागच्या पुठ्ठ्यावर, सगळ्या गावाला दिसेल अशी, सोनेरी इंग्रजी अक्षरं.

मी चंपतरावांकडे पाहायचं टाळलं.

"रामराम," ते पुढं होऊन म्हणाले. "मी चंपत. मारोतरावांचा पाहुना."

"या या," बाबाराव खूश झाले. "तुमीच का ते आहेरवाले? पाहा तुमचं कापड. कसं दिसून राहिलं पाखऱ्याले?"

"लेकाचा साहेब दिसते," चंपतराव म्हणाले.

"माझ्या बायकोनं म्हटलं, सूट शिवा. मी म्हटलं, मी सूट घालून कोठी जाऊ वं, वावराच्या धुऱ्यावर?" बाबाराव बैलाच्या मानेखाली खाजवू लागले. "याचा जोडीदार उन्हाळ्यात सापानं गेला. यानं साऱ्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या बैलासंगं जू ओढलं. आज साऱ्या जोड्याइत हा एकटा. म्हटलं, एकटा तं एकटा, पन लोकाइसमोर उगडा नाही उभा करत."

चंपतराव बैलाच्या बाजूला गेले, झूल एका अंगाला घसरली होती ती ओढून सारखी केली. शेतकऱ्याचेच ते, बैलाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते हात विसरले नव्हते. अक्षरांवरून एकदा तळवा फिरवला. मग मागं येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "नीट बसली."

त्यांनी तिथंच विषय संपवला होता. मी संपवू दिला नाही. रीतीप्रमाणे तोरण तोडलं, बैल घराघरांकडं निघाले, आणि पुरणपोळीच्या ताटावर बसण्याआधी ओसरीत मी बाबारावांना सगळं सांगून टाकलं. पेटी, चिठ्ठ्या, लाडू, शाळेतल्या खुर्च्याही. चंपतराव मला डोळ्यांनी थांबवत होते. मी आर्वीचा.

बाबाराव ऐकत राहिले. मग आत गेले आणि उरलेलं अर्धं कापड घेऊन आले. दुसरा बैल घेतल्यावर त्याच्या झुलीसाठी राखून ठेवलेलं. एका कोपऱ्यावर मी लावलेलं कुंकू तसंच होतं.

"न्या," ते म्हणाले.

"नाही," चंपतराव म्हणाले. "देल्ला आहेर मी घेत नाही."

"परत कोन देऊन राहिला?"

"मंग हे काय आहे?"

दोघंही हट्टी. काकूंच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही वांगी एकाच वाफ्यातली. पुरणपोळी गार होत होती. शेवटी बाबाराव माझ्याकडे वळले. "तुले बैल धरता येते का गा?"

"नाही," मी खरं बोललो.

"जमन. पाखऱ्या अजून पारावर बांधला आहे. त्याले घरी घेऊन ये."

बैल घरी कोणी आणला हे त्या गावात अजून आठवतात म्हणे. म्हणजे बैलानंच मला आणलं. कासरी माझ्या हातात होती, पण रस्ता त्याला माहीत होता. मी नुसता मागं-मागं "हो हो" म्हणत, विलायती अक्षरांवर नजर ठेवून चालत होतो. पोरं हसत होती. दारात बाबारावांच्या बायकोनं बैलाच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं. आणि बाबारावांनी ते अर्धं कापड माझ्या हातावर ठेवलं.

"पोळ्याले जो बैल दारी आनते, त्याले बोजारा द्याची रीत आहे. हा तुझा बोजारा. आता हा तुझा माल, तू कोनालेही दे." मग चंपतरावांकडे पाहून, "आता तं झालं?"

चंपतरावांनी ताटाकडं पाहून मान डोलावली. मी भरात येऊन बोलून गेलो, "बाबाराव, तुमच्या दुसऱ्या बैलाची झूल मी देईन. अशीच."

"देजो," ते म्हणाले. "मी इसरत नाही बरं."

मास्तरांनी अर्धं कापड टेबलावर पसरलं, मोजलं आणि मान हलवली. "कोट नहीं बैठता. जाकीट बनेगा." बाकीचं कापड कुठं गेलं म्हणून त्यांनी विचारलं. चंपतरावांनी सांगितलं तेव्हा मास्तर इतके हसले की टेप गळ्यातून खाली पडली. त्यांनी जुन्याच कागदाच्या मागं नवीन चित्र काढलं: पांढरा सदरा, पायजमा, वर जाकीट. शेजारी, पैसे न घेता, झूल घातलेला एक बैलही काढला. सोनेरी अक्षरं बैलाकडं गेली होती. कुंकवाचा डाग मास्तरांनी न कापता अस्तराच्या आत घेतला.

डिसेंबरात आम्ही समारंभाला गेलो. आता नागपुरात पांढऱ्या कपड्यांवर भारी जाकीट घातलेला प्रौढ माणूस एकच समजला जातो: पुढारी. मंडपाच्या दाराशीच एक स्वयंसेवक धावत आला. "साहेब, आपण इकडं, पुढं." आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यानं कुठून तरी एक गादीची खुर्ची आणून दुसऱ्या रांगेत ठेवली.

चंपतराव त्या खुर्चीकडे पाहत उभे राहिले. चौदा वर्षं त्यांनी हिचीच वाट पाहिली होती. त्यांनी जाकिटाची खालची गुंडी नीट केली, आणि मागं वळून काकूंना म्हणाले, "बस वं."

"मी?" काकू पदर सावरत म्हणाल्या. "तुमच्यासाठी आणली त्यानं."

"डॉक्टर तू जन्माले घातली. बस."

काकू बसल्या, खुर्चीच्या अगदी काठावर. "आणि तुम्ही?"

"मी आणतो न आपली," चंपतराव म्हणाले, आणि विलायती जाकीट घालून मंडपाच्या मागं, जिथं खुर्च्यांची चळत होती तिकडं निघाले. तो स्वयंसेवक "साहेब, साहेब" करत मागं.

चळतीशी पोचेपर्यंत त्यांच्याआधी तिथं कोणीतरी उभं होतं. काळा झगा, डोक्यावर ती चौकोनी टोपी. प्रेमिला. तिनं हातातली कार्यक्रमाची पत्रिका भुईवर ठेवली आणि वरच्या खुर्चीचा एक पाय धरला.

"बाबा, तुम्ही तिकडून धरा," ती म्हणाली.

त्यांनी धरली. एका माणसाची खुर्ची, दोघांनी मिळून, दुसऱ्या रांगेपर्यंत आणली. मी बाजूला उभा राहिलो. मला या कामात हात घालायचा हक्क नव्हता.

याला आता चार पोळे झाले. बाबारावांनी पुढच्याच वर्षी दुसरा बैल घेतला. तेव्हापासून दर श्रावणात त्यांचं एक कार्ड येतं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: पाखऱ्या नटला, नवा उघडाच. लोक विचारतात. मी दर वर्षी लिहितो, यंदा नक्की. मास्तर मुंबईला परत गेले, तसं कापड कुठं मिळत नाही, आणि दुसरं कुठलं द्यावं तर अशीच झूल देईन, असं बोलून बसलो होतो. परवा प्रेमिलाताईंनी दवाखान्यातून निरोप पाठवला: विश्वनाथभाऊंना म्हणावं, त्या बैलाला सर्दी झाली तर मी बघणार नाही.

काकूंच्या पेटीत ते तीन चिठ्ठ्यांचं फिक्कट कापड मात्र अजून आहे. आता चिठ्ठ्या पाच झाल्या.