घट्ट सोलकढी

माझ्या बायकोच्या मामांचा देवावर विश्वास आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण कॉर्नफ्लोअरवर आहे, आणि तो देवालाही हेवा वाटावा असा आहे. आमटी पातळ झाली की लोक म्हणतात, पाणी जास्त पडलं. मामा म्हणतात, कॉर्नफ्लोअर कमी पडलं. मुलुंडच्या त्यांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या शेजारी, मिठाच्या दुप्पट आकाराचा, त्याचा डबा असतो. ऑम्लेटात ते, भज्यांत ते, बोंबलाला तांदळाच्या पिठाऐवजी तेच. मालवणी माणसाने बोंबलाशी असं वागावं याचा मला इतका धक्का बसला की तोंडून शब्द फुटेना. अर्थात तोंडात चौथा बोंबील होता. एका दिवाळीत रांगोळी संपली, तर मामांनी दारातल्या मोराची शेपटी कॉर्नफ्लोअरने पुरी केली. सकाळी बघतो तर शेपटीभर मुंग्या. "जिवंत वाटतो की नाही?" मामा म्हणाले. सोसायटीच्या कॅरमवरही त्यांनी ते भुरभुरलं होतं. मे महिन्यातल्या घामट हातांना ते असं काही चिकटलं की बोटावरून स्ट्रायकर सुटेना.

या घरात एकच गोष्ट त्या डब्यापासून वाचलेली होती, मामींची सोलकढी. मामी कॉर्नफ्लोअरला सरळ खळ म्हणायच्या, कपडे कडक करायला लावतात ती. "ही खळ तुमच्या सदऱ्याक लावा. माझ्या सोलकढीत पडली तर मी माहेराक जातंय." मामा खरंच दुखावले जायचे. "तेका खळ म्हणू नको गो," एवढंच म्हणायचे.

मला तो डबा कधीच वश झाला नाही. एकदा उकळत्या सूपमध्ये मी चमचाभर कोरडंच टाकलं आणि सूपभर गोट्या झाल्या. "जावयबापू," मामा एक गोटी चमच्यात धरून म्हणाले, "आधी थंड पाण्यात कालवायचं असतं. इंजिनीयर ना हो तुम्ही?"

गेल्या वर्षी मामींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पातळ काही दिलं की ठसका लागे. डॉक्टर म्हणाले, सगळं घट्ट करून द्या, पाणीसुद्धा. जन्मभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानावर पडलं, आणि मामांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. मामींनी तर तोंडच मिटून घेतलं. घट्ट चहा नको, घट्ट ताक नको. पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं.

एका दुपारी औषधं आणायला जाताना मामांनी मामींसाठी सोलकढी घट्ट करायचं काम माझ्यावर सोपवलं. सोलकढी तापवली तर फुटते, म्हणून कॉर्नफ्लोअर वेगळं पाण्यात शिजवायचं, निववायचं आणि मग तिच्यात मिसळायचं. मी मान डोलावली, आणि डबा थेट उकळत्या पाण्यात उपडा केला. पातेल्यात जे तयार झालं त्यात डाव ताठ उभा राहिला. उपसायला डाव उचलला, तर त्याच्याबरोबर पातेलंही वर आलं. तेवढ्यात दार वाजलं. पातेलं डावाला लोंबकळत असतानाच मी बाहेर आलो आणि तसंच दार उघडलं.

खाटेवरून मामी बघत होत्या. त्यांचं तोंड वाकडं हललं आणि शब्द आला.

"खळ."

मामा उंबऱ्यातच थबकले. आता माझी खैर नाही असं मला वाटलं, पण त्यांना मी दिसतच नव्हतो. ते मामींजवळ जाऊन बसले. "परत म्हण गो," म्हणाले.

मामी परत म्हणाल्या नाहीत. मग मामांनी स्वतः सगळं नव्याने केलं आणि गुलाबी, सायीसारखी सोलकढी चमच्यात घेऊन पुढे धरली. मामींनी एकदा माझ्या पातेल्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि तोंड उघडलं.

अजूनही दर दुपारी मामा चमचा भरतात, पण लगेच देत नाहीत. "काय हा गो ह्या?" असं विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत चमचा हातात धरून थांबतात.