भिंतीतलं दार

आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालंय. गॅस व्हरांड्यात मांडलाय. ओल्या सिमेंटच्या वासानं आज बेंबळीचं घर आठवलं.

तिथलंही स्वयंपाकघर असंच फोडलं होतं. बांधाच्या भांडणावरून अण्णा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. पण दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं आणि आई न् काकू त्यातून ये-जा करायच्या. काम चालू होतं तोवर आई काकूच्याच चुलीवर भाकरी करायची. अण्णा त्या मुकाट्यानं खायचे.

काम संपत आलं तेव्हा गवंड्यानं विचारलं, "या दाराला नवी चौकट बसवायची का?"

"न्हाय. बुजवून टाका," अण्णा म्हणाले.

आई आमटीचं पातेलं घेऊन त्याच दारात उभी होती. "आवं, आजचं जेवण बी तिच्याच चुलीवरचं हाय," ती म्हणाली.

अण्णांनी गवंड्याकडं बघून 'चालू कर' अशी मान डोलावली.

"जावा अक्का, आधी पोरांना वाढा," काकू पलीकडून म्हणाली. आई आत आली आणि विटा चढू लागल्या.

तेव्हा मला आमच्या नव्या गुळगुळीत ओट्याचंच अप्रूप होतं. आता कळतं, त्या ओट्यापाशी आई उरलेला सगळा जन्म एकटीच राबली.