रिपोर्ट नॉर्मल होता तेव्हा

अमरावतीच्या संधिवाततज्ज्ञांनी आईच्या कानशिलावरची धमनी बोटाने दाबून पाहिली. ती दोरीसारखी टणक झाली होती. ‘जायंट सेल आर्टेरायटिस,’ ते म्हणाले. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते आणि त्या सुजतात. डोळ्याचा रक्तपुरवठा थांबला तर दृष्टी जाते, आणि गेलेली सहसा परत येत नाही.

स्टेरॉइड त्याच दुपारी सुरू झाले. बायोप्सी, म्हणजे धमनीचा तुकडा काढून तपासणी, नंतर झाली.

त्याआधी दोन महिने अकोल्यात दातांचे उपचार चालले होते. चावताना जबडा दुखतो म्हणून आईने एक दाढही काढून घेतली. दुखणे दाताचे नव्हते; सुजलेल्या धमन्यांमुळे जबड्याच्या स्नायूंना रक्त कमी पडत होते. डोके दुखते, हे ती बोलली नव्हती.

पेशी एकमेकींना प्रथिनांमार्फत निरोप देतात. त्यातले इंटरल्युकिन-६ हे प्रथिन सूज पेटती ठेवते. त्याचा निरोप अडवणारे इंजेक्शन दर आठवड्याला द्यायचे ठरले. ते टोचायला मी शिकलो.

तिसऱ्या महिन्यात सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आली. मी रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला आणि निर्धास्त झालो. त्यांचा फोन आला.

‘जेवण कसं आहे?’

‘चांगलं. भाकर वरणात कुस्करून खाते.’

‘आधीपासून?’

मला सांगता येईना. आमच्याकडे म्हातारी माणसे भाकर कुस्करतातच. मी आईला विचारले.

‘चावलं का जबडा भरून येते.’

‘मले सांगतलं काहून नाई?’

‘तू तं कागद पाहून खुश होता. म्या म्हटलं, कागद का खोटा बोलते?’

डॉक्टरांनी खुलासा केला. यकृत सीआरपी तयार करते ते मुख्यतः इंटरल्युकिन-६च्या निरोपावरून. निरोपच अडवल्यावर आजार जागा असला तरी ही तपासणी नॉर्मल दिसू शकते. ‘या औषधावर असताना कागदाआधी रुग्णाला विचारायचं.’

त्याच दिवशी आम्ही अमरावतीला गेलो. डोळे तपासले. दृष्टी शाबूत होती. हळूहळू कमी करत आणलेले स्टेरॉइड पुन्हा वाढवले. आठवड्याभरात जबडा मोकळा झाला.

ज्यांच्या घरी हे इंजेक्शन चालू आहे, त्यांनी रिपोर्ट जरूर ठेवावेत. पण डोके, जबडा, नजर, हे तीन प्रश्न रोज विचारावेत. मी वर्तमानपत्रात बातमीदार आहे; मी विचारतो. आई वैतागते.

‘पेपरात हायेस का पोलिसात?’

मग एकेका डोळ्यावर हात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून दाखवते.