दादाच्या आवाजाचा पेनड्राइव्ह

१८ जानेवारी, रविवार. आजचं काम एकच: दादाच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली तर तो पुन्हा उभा करता येईल असा पेनड्राइव्ह बनवायचा, आणि तो खरंच चालतो का ते पाहायचं. मरोळहून मेट्रोने घाटकोपरला पोहोचले तेव्हा वहिनी दादाला नाश्ता भरवत होती.

दादाला स्नायू निकामी करत जाणारा आजार आहे. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. त्याच्याखाली बटण आहे. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात, हव्या त्या अक्षराला दादा बटण दाबतो आणि कॉम्प्युटर वाक्य बोलतो. एके काळी आमच्या गल्लीतल्या कबड्डीच्या सामन्यांना माइकवर दादाच असायचा. आता त्याचा आवाज बँकेच्या फोनवरच्या बाईसारखा आहे. मराठी नीट बोलणारा तेवढाच मिळाला. ती बाई मालवणीत बोलते तेव्हा नवीन माणसाला हसावं की नाही ते कळत नाही.

नेहमीची वाक्यं त्याने साठवून ठेवली आहेत. ‘मान उजवीकडे.’ ‘डास.’ ‘ती मालिका बंद कर.’ एका दाबात एक वाक्य. ती जमवायला त्याला काही वर्षं लागली, आणि तेव्हा बोट बरं चालत होतं. आता पुन्हा भरायची वेळ आली तर ती भरून होणार नाहीत. शिवाय तो प्रोग्राम आता विकत मिळत नाही. म्हणून मी दर महिन्याला अख्ख्या डिस्कची इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घेते. प्रोग्राम, सेटिंग, वाक्यं, सगळं जसंच्या तसं. ती हार्डडिस्क कपाटात ठेवून मी निर्धास्त होते.

दिवाळीनंतर मशीनमधून टकटक ऐकू यायला लागली तेव्हा मी नीट विचार केला. डिस्क मेली तर मशीन सुरूच होणार नाही, मग ती इमेज वाचणार कोण? मशीनला स्वतःची डिस्क सोडून दुसऱ्या कशावरून तरी सुरू व्हायला हवं. तसा एक पेनड्राइव्ह माझ्याकडे होता, पण आधीच्या मशीनसाठी बनवलेला. या मशीनला त्याची ओळखच नव्हती.

सकाळी आधी ताजी इमेज घेतली. मग कोरा पेनड्राइव्ह लावून बॅकअपच्या प्रोग्रामकडून तो तयार करून घेतला. माझ्या लॅपटॉपला लावून पाहिला, लॅपटॉप त्याच्यावरून सुरू झाला. पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. दादाच्याच मशीनवर चालतो का ते पाहायला दादाचं मशीन बंद करायला हवं होतं.

त्याला सांगितलं. बोट हलायला वेळ लागला.

“बंद केलंस आणि परत चालू झाला नाय तर?” बँकेच्या बाईने विचारलं.

“त्यासाठीच पेनड्राइव्ह आहे ना.”

“तो चाललो नाय तर?”

“म्हणून तर आत्ता बघायचंय. एक दिवस डिस्क आपणहून बंद पडेल, तेव्हा कळण्यापेक्षा आत्ता कळू दे.”

तो मग म्हणाला, “बोटाचो बॅकअप खंय ठेवलंस?”

वहिनी ताट उचलून आत गेली. मी म्हटलं, “त्याचा नाही, दादा. जो होतो तो तरी नीट करू दे.”

“कर.”

बंद करण्याआधी आम्ही खुणा ठरवल्या. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. मग मी मशीन बंद केलं.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं. पडद्यावर प्रोग्रामची खिडकी आली, बाहेरची हार्डडिस्क दिसली, तिच्यात सकाळची इमेज दिसली. “चालतो,” मी म्हटलं. दादाने एकदा पापणी मिटली. मी पेनड्राइव्ह काढून मशीन नेहमीसारखं सुरू केलं. टकटक झाली, पडदा काळा राहिला, आणि डिस्क सापडत नसल्याची ओळ आली. तीनचार वेळा करून पाहिलं. तीच ओळ.

इमेज होती, पेनड्राइव्ह होता, पण ती इमेज उतरवायला नवी डिस्क नव्हती. फक्त तपासायचंय म्हणून मी आणलीच नव्हती. रविवार होता, कॉम्प्युटरचं दुकान बंद. दादा माझ्याकडे बघत होता. दुकान उद्या उघडेल, असं मी त्याला सांगितलं.

संध्याकाळी तो अस्वस्थ झाला. मी विचारत गेले. पाणी? नाही. उशी? नाही. पंखा? लघवी? नाही, नाही. शेवटी वहिनी त्याच्यासमोर बसली आणि क, ख, ग म्हणायला लागली. ज ला पापणी मिटली.

“जड वाटतंय?” मी मध्येच विचारलं. दोनदा.

“वन्सं, घाई नका करू,” वहिनी म्हणाली आणि ज ची बाराखडी सुरू केली. जे. मग पुढचं अक्षर, व.

“जेव? भूक लागली तुला?” पुन्हा दोनदा.

“तुम्हाला सांगतायत,” वहिनी म्हणाली. “सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाहीत.”

मी जेवले. वाद घालायला समोरच्याकडे आवाज नव्हता, त्यामुळे वाद घालणं बरोबर दिसलं नसतं.

रात्री तिथेच राहिले. वहिनीने आणि मी आळीपाळीने त्याच्या पापण्यांवर लक्ष ठेवलं.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी ऑफिसला येत नाही म्हणून कळवलं आणि दुकानाचं शटर वर जाईपर्यंत बाहेर उभी राहिले. डिस्क आणली, जुनी काढून नवी बसवली. पेनड्राइव्ह लावून इमेज उतरवायला घातली. दादा भिंतीकडे बघत होता, पडद्याकडे नाही. काम संपल्यावर पेनड्राइव्ह काढला आणि मशीन सुरू केलं. अक्षरं उजळायला लागली. वाक्यांची यादी उघडून पाहिली, सगळी जागेवर होती. त्याचं बोट बटणावर ठेवलं.

बराच वेळ लागला.

“आणखी एक पेनड्राइव्ह बनव, गो,” बाई म्हणाली.

मी खाली जाऊन दोन आणले.