शांत, असा शेरा

सकाळची ड्यूटी संपवून तीनला घरी आलेय. पंखा करकरतोय, तोंडावर ओढणी घेतलीय. डोळा लागतोय न लागतोय तोच आमच्या मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या पॅसेजमध्ये मालनबाई दिसतात. चक्क बसलेल्या. हयात असताना बसलेलं त्यांना फारसं पाहिलंच नव्हतं.

मालन गुरव, बालवाडीच्या बाई. दोन वर्षांपूर्वी आणलं तेव्हा पाच रात्री झोपल्या नव्हत्या आणि अख्ख्या वॉर्डाकडून कवायत करून घेत होत्या. मला म्हणायच्या फौजदारीण. जेवायला बूड टेकायचं नाही, म्हणून मी पोळीला गूळ-तूप लावून गुंडाळी हातात द्यायचे. त्या चालता चालता खायच्या आणि मी मागे मागे. वैताग यायचा. खरं सांगते, लळाही लागला होता.

आताही माझ्या हातात गुंडाळी आहे.

"घ्या बाई."

"नको."

पॅसेजच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आहे, औषधांच्या ट्रॉलीवर पाट्या रचल्यात. एका एवढ्याशा बाकात मी गुडघे पोटाशी घेऊन बसलेय. शेवटचे दोन दिवस गुंडाळी अशीच त्यांच्या उशाशी पडून होती, मी पाहिली होती. तरी रिपोर्टात लिहिलं, पेशंट शांत. आमच्याकडे याहून चांगला शेरा नाही. त्यावर त्यांना घरी सोडलं. अकराव्या दिवशी त्यांनी जीव दिला.

"बाई, मला कळायला हवं होतं."

त्या रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वर्गात दंगा असला की मला घोर नसायचा, सिस्टर. एखादं पोर गप्प बसलं की आधी कपाळाला हात लावून बघायचे मी."

"आणि मी?"

"तुम्ही लिहिलंत."

माझी मूठ उघडून माझाच तळहात त्या माझ्यासमोर धरतात आणि वाचायला सांगतात. अक्षरं हलतात, वाचता येत नाहीत. मी त्यांच्या कपाळाकडे हात नेते, तर तिथे नुसती वॉर्डाची हिरवी भिंत.

जाग येते तेव्हा साडेचार वाजलेत. माफी मागायची राहूनच गेली, आणि ती ऐकायला आता कोणी नाही. डाव्या तळहातावर बॉलपेनची शाई आहे. घाईत आम्ही सगळ्याच हातावर टिपतो, मग रिपोर्टात उतरवतो. माझंच अक्षर, आज सकाळचं: खाट नऊ, शांत.

मी वॉर्डात फोन लावते. कदम सिस्टर सांगतात, नऊ नंबर अगदी गुणी झालीय, कालपासून आवाज नाही. जेवली का, विचारते. ताट तसंच परत गेलं म्हणतात.

"तिच्याजवळ बसा. मी येईपर्यंत हलू नका."

रिक्षात मी तळहात ओढणीला घासते, घासत राहते. खाट नऊ पुसट होते. शांत तेवढा तसाच राहतो.